दुकानातला चोरीचा अलार्म रात्री उगाचच वाजतोय, चोर नाही काही नाही. सायरन काढून ठेवू का?

जागरण_रोजचं

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं खाली कपड्यांचं दुकान आणि वर घर. पाच वर्षांपूर्वी दुकानात अलार्म बसवून घेतला. एक पॅनल, काउंटरजवळ कीपॅड, शटरला सेन्सर, मागच्या दाराला मॅग्नेटवाला सेन्सर, आणि तीन मोशन सेन्सर, एक काउंटरवर, एक ट्रायल रूमच्या पॅसेजमध्ये, एक गोडाऊनमध्ये. बाहेर भिंतीवर सायरन. चार-साडेचार वर्षं काहीही त्रास नव्हता, इतका की आहे हेच विसरलो होतो. पण गेल्या दोन महिन्यांत नऊ वेळा वाजलाय. बहुतेक वेळा रात्री दोन ते पाचच्या मधे. प्रत्येक वेळी मी आणि नवरा धडधडत्या छातीने खाली उतरतो, बघतो तर शटर नीट, कुलूप नीट, माल जिथल्या तिथे. एक गोष्ट लक्षात आली ती सांगते, कधी कधी सायरन अगदी पूर्ण जोरात वाजतो आणि कोड टाकेपर्यंत थांबत नाही, आणि कधी घोगऱ्या, दबलेल्या आवाजात थोडा वेळ वाजून आपोआप गप्प होतो. याचा काही अर्थ आहे का माहीत नाही.

ज्यांनी बसवला त्यांना बोलावलं, त्यांच्या माणसाने येऊन तिन्ही मोशन सेन्सरची सेन्सिटिव्हिटी कमी केली आणि म्हणाला आता नाही वाजणार. तिसऱ्या रात्री परत वाजला.

शेजारी चार महिन्यांचं बाळ आहे. समोरचे काका पहिल्या दोन वेळा हातात टॉर्च घेऊन स्वतः खाली आले होते, आमच्या आधी. परवा वाजला तेव्हा त्यांच्याकडचा दिवासुद्धा लागला नाही. मला त्यांचा अजिबात राग नाही, नऊ वेळा झोपमोड झाल्यावर कोण उठेल? पण तेव्हापासून मला झोप नाहीये, कारण खरंच कोणी घुसलं तर आता कोणीही येणार नाही हे मला दिसतंय. नवरा म्हणतो सायरनची वायरच काढून ठेवू म्हणजे कटकट संपेल. मला ते पटत नाही पण दुसरं काय करायचं तेही कळत नाही. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

पानगळ

आमच्या ऑफिसात हेच चाललं होतं, शेवटी कोळी निघाला. सेन्सरच्या पांढऱ्या काचेवरच जाळं करून बसला होता. सेन्सरच्या इतक्या जवळ असल्यामुळे त्याला तो एवढासा कोळीसुद्धा मोठा वाटतो म्हणे. मऊ कोरड्या कापडाने पुसून घ्या, वायर जिथून आत जाते ते भोक बंद करा. पाली पण त्याच भोकातून आत जातात.

तारजोड

ताई, सायरन काढू नका. आणि अजून काहीही बदलू नका, आधी एक काम करा.

मी गेली चौदा वर्षं हीच सिस्टिम बसवतो आणि दुरुस्त करतो. लोक काय करतात, अलार्म वाजला की मोशन सेन्सरवर संशय घेतात, कारण तोच डोळ्यांना दिसतो. तुमच्याकडे आलेल्या माणसाने तेच केलं. त्याने पॅनलला विचारलंच नाही. बहुतेक पॅनलच्या मेमरीत इव्हेंट लॉग असतो, कधी कुठला झोन (म्हणजे कुठला सेन्सर) उघडला, कधी लाईट गेली, कधी आली, कोणी कुठल्या कोडने बंद केला, सगळं तारीख-वेळेसकट. कीपॅडवर मास्टर कोड टाकून मेनूमध्ये सापडेल, पुस्तिका असेल तर त्यात दिलेलं असतं. नऊच्या नऊ वेळा कागदावर उतरवा. वेळ, झोन नंबर, आणि त्याच्या पाच मिनिटं आधी आणि नंतर जे काही लिहिलेलं असेल ते. तेवढं इथे टाका. त्याशिवाय आम्ही सगळे जे काही सांगू ते अंधारातले बाण.

दुसरं, सेन्सिटिव्हिटी कमी केली ती मला जास्त काळजीची वाटतेय. आजच वॉक टेस्ट करा. पॅनल टेस्ट मोडला टाका (किंवा नुसता बंद ठेवा, बहुतेक सेन्सरवर छोटा लाल दिवा असतो तो बघा) आणि प्रत्येक खोलीत चोर जिथून येईल तिथून हळूहळू चाला. दोन-चार पावलांत लाल दिवा लागायला पाहिजे. नाही लागला तर सेन्सर भिंतीवर नुसता शोभेला आहे.

हे सेन्सर कसं काम करतात ते थोडं समजून घेतलंत तर पुढे कोणीही येऊन काहीही सांगितलं तरी तुम्हाला कळेल. याला पीआयआर म्हणतात. तो स्वतः काहीच सोडत नाही, समोरून येणारी उष्णता फक्त बघतो. माणसाच्या अंगातून साधारण ९ ते १० मायक्रोमीटरच्या इन्फ्रारेड लहरी निघत असतात. पुढचं जे पांढरं प्लॅस्टिक असतं ते नुसतं झाकण नाही, ती फ्रेनेल लेन्स असते, ती खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे भाग पाडते. आत दोन तुकड्यांचं सेन्सिंग एलिमेंट असतं. गरम वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की दोन तुकड्यांत फरक पडतो आणि तो फरक म्हणजे हालचाल. म्हणूनच सेन्सरसमोर आडवा चालणारा माणूस लगेच पकडला जातो आणि सरळ सेन्सरच्या दिशेने येणारा उशिरा. जागा चुकली की मग लोक सेन्सिटिव्हिटी वाढवत बसतात आणि तिथून खोटे अलार्म सुरू होतात. जागा बरोबर असेल, साधारण २.१ ते २.४ मीटर उंची, खोलीच्या कोपऱ्यात, दाराकडून येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल अशी, तर सेन्सिटिव्हिटी मधली ठेवूनसुद्धा उत्तम चालतो.

त्याला काय काय फसवतं तेही सांगतो. एसीचा किंवा हीटरचा झोत थेट लेन्सवर येणं. खिडकीतून सरकत येणारं ऊन, कारण जमिनीचा तो भाग पटकन तापतो. वरून टांगलेल्या हलणाऱ्या वस्तू, आणि कपड्यांच्या दुकानात ही गोष्ट हमखास असते, सेलचे फलक, टांगलेले ड्रेस, ओढण्या. शोरूममधले गॅसचे फुगे रात्री खाली येत येत तरंगतात ते. उंदीर रॅकच्या वरच्या फळीवरून सेन्सरच्या अगदी जवळून गेला तर तो. म्हणून लॉगबरोबर हेही आठवा की दोन महिन्यांपूर्वी दुकानात काय बदललं. रॅक हलवले? नवीन एसी? छताला काही टांगलं? चार वर्षं गप्प असलेली सिस्टिम अचानक वाजायला लागते तेव्हा काहीतरी बदललेलं असतं किंवा काहीतरी जुनं झालेलं असतं.

आणि तो घोगरा आवाज. ते फार कामाचं सांगितलंत. माझ्या मनात एक शंका आलीय पण लॉग बघितल्याशिवाय बोलत नाही.

निळीछत्री

एवढं सगळं करण्यापेक्षा कॅमेरे लावा ना. आजकालचे कॅमेरे माणूस आणि मांजर वेगळं ओळखतात, मोबाईलवर नोटिफिकेशन येतं, व्हिडिओ बघायचा आणि झोपायचं. सायरनचा जमाना गेला.

तारजोड

@निळीछत्री, कॅमेरा पाहिजेच, मी नाही म्हणत नाही. वाजल्यावर खाली पळण्याआधी मोबाईलवर दोन सेकंदात बघता येतं की खरंच कोणी आहे का, याची किंमत खूप आहे, जिवाच्या दृष्टीने पण. पण त्याने सायरनची जागा भरत नाही. चोराला पळवून लावतो तो आवाज. आणि कॅमेऱ्यालाही खोट्या सूचना येतात. रात्री त्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्या उजेडाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी, मग लेन्ससमोरचं जाळं वाऱ्याने हललं की रात्रभर मोबाईल टिंग टिंग. आठवड्याभरात माणूस नोटिफिकेशन म्यूट करतो. तो मोबाईल आणि समोरच्या काकांचा न लागलेला दिवा यात काय फरक राहिला?

कंट्रोलरूम_ब_शिफ्ट

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी सहा वर्षं अलार्म मॉनिटरिंगच्या कंट्रोल रूममध्ये होते. म्हणजे तुमचा पॅनल वाजला की ज्यांच्या स्क्रीनवर लाल ओळ येते, ती आम्ही.

ताई, तुम्ही काकांबद्दल जे लिहिलंत तेच आमच्याकडे मोठ्या प्रमाणावर होतं. रात्रीच्या शिफ्टमध्ये एकाच दुकानाचा तोच झोन पाचव्यांदा आला की हात आपोआप सावकाश होतात. कोणी मुद्दाम करत नाही पण होतं. मला एका ग्राहकाची ती रात्र अजून आठवते, तोच झोन महिनाभर खोटा येत होता आणि त्या रात्री खरा होता. आम्ही नियमाप्रमाणे सगळं केलं, पण ज्या घाईने करायला हवं होतं त्या घाईने नाही. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

पोलिसांचंही तेच. अमेरिकेत या विषयाचा बराच अभ्यास झालाय, तिथे पोलिसांकडे जाणाऱ्या घरफोडी अलार्मच्या कॉलपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे निघतात असं तिथल्या पोलिसांसाठी तयार केलेल्या मार्गदर्शिकेतच लिहिलंय. सॉल्ट लेक सिटीने तर २००० साली नियमच केला की आधी कोणीतरी प्रत्यक्ष बघून खात्री करा, मगच पोलीस येतील. ब्रिटनमध्ये मॉनिटरिंगवाल्या सिस्टिमला १२ महिन्यांत ३ खोटे कॉल झाले की पोलिसांचा तातडीचा प्रतिसाद काढून घेतला जातो आणि तो परत मिळवायला सिस्टिम सुधारून दाखवावी लागते.

आता करता येण्यासारखं.

पॅनलच्या सेटिंगमध्ये खूप काही असतं जे बसवणारे घाईत सोडून देतात. क्रॉस झोन नावाचा प्रकार असतो, म्हणजे एकटा सेन्सर वाजला तर लगेच सायरन नाही, ठरवलेल्या वेळात दुसराही वाजला तर मग. शटर आणि काउंटरचा मोशन सेन्सर अशी जोडी लावता येते, कारण शटर उचलून आत आलेला माणूस काउंटरसमोरून जाणारच. पण जिथे एकच सेन्सर आहे तिथे हे लावू नका हं, गोडाऊनमध्ये एकच असेल तर खिडकीतून तिथे घुसलेला माणूस तिथेच काम उरकून जाईल आणि दुसरा सेन्सर कधी वाजणारच नाही.

मग अॅबॉर्ट विंडो. वाजल्यावर सेंटरला सिग्नल जायच्या आधी थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात कोड टाकला तर सिग्नल जातच नाही. अमेरिकेत खोटे अलार्म कमी करण्यासाठी पॅनलचं जे स्टँडर्ड आहे, सीपी-०१, त्यात ही १५ ते ४५ सेकंदांची दिलीय. तुमचं मॉनिटरिंग असेल तर विचारून घ्या. आणि एक फोन उचलला नाही तर लगेच पोलिसांना न कळवता दुसऱ्या नंबरवर फोन करायचा, ही दोन फोनची पद्धत लावून घ्या. आमच्याकडे ती सुरू केल्यावर फरक पडलेला मी स्वतः बघितलाय. पण त्यासाठी दोन्ही नंबर चालू असले पाहिजेत, अर्ध्या लोकांचे यादीतले नंबर जुने असतात, सोडून गेलेल्या मॅनेजरचा, बदललेल्या सिमचा.

अजून एक, माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त खोटे अलार्म यंत्रामुळे नाही, आपल्या माणसांमुळे यायचे. सकाळी उघडणारा नवीन मुलगा, ज्याला कोणी कोड नीट शिकवलाच नाही. सुट्टीच्या दिवशी सफाईला आलेली बाई. काहीतरी विसरलं म्हणून परत आलेला मालक. त्यात चूक त्यांची नसते, शिकवलेलं नसतं. प्रत्येकाला वेगळा कोड द्या म्हणजे लॉगमध्ये कळतं कोणाला मदत लागतेय, आणि चुकून वाजला तर काय करायचं, कोणाला फोन करून कुठला पासवर्ड सांगायचा, हे एकदा प्रत्यक्ष वाजवून करून दाखवा.

जागरण_रोजचं

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, एवढं मनापासून लिहिलंत. काल दुपारी मुलाला बरोबर घेऊन लॉग काढला, पुस्तिका ड्रॉवरमध्येच होती.

झोन १ शटर, २ मागचं दार, ३ काउंटर, ४ पॅसेज, ५ गोडाऊन.

नऊपैकी चार वेळा फक्त झोन १. दुसरं काहीच नाही, आधी नाही नंतर नाही. २:४०, ३:१५, ३:१६ आणि एकदा ४:३०. यातल्या ३:१५ आणि ३:१६ या दोन एकाच रात्रीच्या, मी एक वेळ बंद करून वर आले आणि लगेच परत वाजला ती रात्र. नवरा म्हणतो त्या रात्री वारा खूप होता, खिडक्या आपटत होत्या.

चार वेळा असं आहे: आधी ‘एसी फेल’, मग पाच-सात मिनिटांनी ‘लो बॅटरी’, मग झोन ३, ४ आणि ५ तिन्ही एकाच मिनिटाला. त्यातल्या दोन वेळा तर सेकंदसुद्धा एकच. मग थोड्या वेळाने ‘एसी रिस्टोर’. मी आधी एसी म्हणजे आमचा एअर कंडिशनर समजले, मुलगा म्हणाला नाही, लाईट.

आणि एक वेळ पहाटे ५:५०, झोन २ आणि मग झोन ४. याबद्दल मी घरात विचारलं तर सासरे थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, तो मी होतो. पाण्याची मोटर चालू करायला मागच्या जिन्याने खाली गेले होते, कीपॅड पार काउंटरजवळ, गुडघ्यांमुळे तिथपर्यंत पोचेपर्यंत वाजायला लागला, आणि आम्ही सगळे घाबरलेले बघून त्यांना सांगायचा धीर झाला नाही. मला फार वाईट वाटलं. आम्ही इतकी आरडाओरड करायला नको होती.

वॉक टेस्ट पण केली. गोडाऊनमध्ये मी दारापासून मागच्या रॅकपर्यंत चालत गेले, हात लावला रॅकला, तरी लाल दिवा नाही. तारजोड दादा, तुम्ही म्हणालात तसंच. पॅसेजमध्ये पण अर्धं अंतर गेल्यावर लागला.

आणि कीपॅडवर एक पिवळा दिवा लागलेला आहे. तो कितीतरी महिन्यांपासून आहे, आम्हाला वाटायचं तो असाच असतो.

तारजोड

ताई, तुमचं निदान तुम्हीच केलंत, मी फक्त नाव देतो.

झोन ३, ४, ५ एकाच सेकंदाला. एक चोर तीन खोल्यांत एकाच सेकंदाला असू शकत नाही. जेव्हा वेगवेगळ्या खोल्यांतले सेन्सर एकदम उघडतात तेव्हा त्यांच्यात जे सामायिक आहे ते बघायचं, आणि सामायिक आहे ती पॉवर. लाईट गेली की पॅनल आतल्या बॅटरीवर चालतो, साधारण १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड अॅसिड बॅटरी असते. तिचं आयुष्य ३ ते ५ वर्षं. तुमची पाच वर्षांची आहे. ती संपलीय. लाईट गेल्यावर पाच-सात मिनिटांत तिचा व्होल्टेज कोसळतो. मोशन सेन्सरला चालायला साधारण ९ व्होल्ट तरी लागतात. त्याच्या आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, पॉवर असताना बंद धरलेला असतो, पॉवर खाली गेली की तो सुटतो, आणि पॅनलच्या दृष्टीने रिले सुटला म्हणजे कोणीतरी हललं. पॅनलचं स्वतःचं डोकं मात्र ५ व्होल्टवर किंवा त्याहून कमीवर चालतं म्हणून ते सेन्सरपेक्षा थोडा वेळ जास्त जिवंत राहतं, आणि अलार्म ठोकतं. मग सायरन सुरू झाला की तो अजून करंट खेचतो, बॅटरी आणखी बसते, म्हणून घोगरा आवाज आणि मग आपोआप गप्प. पहिल्या दिवशी मला हीच शंका आली होती. मोशन सेन्सरचा यात काहीही दोष नव्हता, आणि नेमके तेच आंधळे करून ठेवले.

यातली खरी धोक्याची गोष्ट ही की गेले कित्येक महिने लाईट गेली की पाच मिनिटांनी तुमचं दुकान उघडं होतं. पिवळा दिवा तेच सांगत होता. तो ट्रबलचा दिवा आहे, कधीच ‘असाच’ नसतो.

करायचं काय: बॅटरी बदला, आजच्या आज. नवीन बॅटरीवर तारीख मार्करने लिहा. आणि नुसता मीटर लावून १२.८ दाखवतोय म्हणून समाधान मानू देऊ नका कोणाला, मेलेली बॅटरीसुद्धा तिच्यावर काही लोड नसताना चांगला आकडा दाखवते. पॅनलचा मेन बंद करून अर्धा तास सिस्टिम बॅटरीवर चालवायची, मग बघायचं. मेनच्या बाजूला तुम्ही हात घालू नका, ते माणसाकडूनच करून घ्या. आणि बॅटरी बदलून झाल्यावर चार्जिंगचा व्होल्टेजही बघायला सांगा, साधारण १३.६ ते १३.८ पाहिजे, नाहीतर नवीन बॅटरी पण वर्षात जाईल.

सेन्सिटिव्हिटी तिन्हींची परत मूळ जागी आणा आणि वॉक टेस्ट परत करा.

आता शटर. शटरच्या सेन्सरमध्ये एका बाजूला लोहचुंबक आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या नळीत दोन बारीक पत्त्या असतात, रीड स्विच. चुंबक जवळ असलं की पत्त्या चिकटलेल्या, लांब गेलं की सुटतात. वर्षानुवर्षं शटर वर-खाली करून पट्ट्या आणि कडा झिजतात, कुलूप लावल्यावरही शटर थोडं हलतं. वाऱ्याचा धक्का बसला की ते क्षणभर पुढे-मागे होतं, चुंबक काठावर असेल तर पत्त्या सुटतात आणि परत चिकटतात. तुमची ३:१५ आणि ३:१६ तेच. आधी शटरची ढिलाई काढा, दोन्ही बाजूंचे बोल्ट नीट बसतायत का, जमिनीतल्या खाचेत कचरा साचलाय का. मग चुंबक आणि स्विच एका रेषेत आणा. साधा दाराचा सेन्सर लावलेला असेल तर तो काढून शटरसाठीचा जाड, जास्त अंतर पकडणारा लावा, लोखंडी शटरवर साध्या सेन्सरचं अंतर आणखी कमी होतं कारण लोखंड चुंबकाची ताकद खातं. वायर जिथे सेन्सरमधून बाहेर येते तिथे हालचालीने तुटत आलेली असते कधी कधी, ते पण बघा. आणि शेवटी पॅनलमध्ये त्या झोनचा लूप रिस्पॉन्स टाइम थोडा वाढवता येतो, म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ उघडलं तर दुर्लक्ष कर. माणूस शटर उचलतो तेव्हा ते अर्ध्या सेकंदात परत बंद होत नाही, म्हणून सुरक्षितता जात नाही. क्रॉस झोन नंतर लागलाच तर लावा, आधी नाही. मूळ दोष झाकण्यासाठी तो वापरू नका.

सासऱ्यांसाठी: मागच्या दाराजवळ दुसरा छोटा कीपॅड बसवा, किंवा किल्लीच्या जुडग्यातला रिमोट द्या. एन्ट्री डिले, म्हणजे दार उघडल्यावर सायरन वाजायच्या आधी कोड टाकायला मिळणारा वेळ, किती आहे बघा, २० सेकंद असेल तर ४५ करा. पॅसेजचा झोन फॉलोअर करून घ्या, म्हणजे मागचं दार आधी उघडलं असेल तर तोही थांबेल, आणि दार न उघडता कोणी पॅसेजमध्ये दिसला तर लगेच वाजेल. आणि डिले चालू असताना कीपॅड पीप-पीप करतो त्याचा आवाज मोठा ठेवा, वयस्कर माणसांना ऐकू गेला पाहिजे.

दोनमांजरी

ताई, सासऱ्यांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

तारजोड दादा, धागा दुसरीकडे नेत नाही पण एक विचारते. घरात दोन मांजरी आहेत, ‘पेट इम्यून’ सेन्सर लावलाय, २० किलोपर्यंत चालतो असं खोक्यावर आहे. मांजरी मिळून दहा किलो पण नाहीत, तरी आठवड्यातून एकदा वाजतो. बाहेर जाताना एकीला खोलीत कोंडावं लागतं, ते मला अजिबात आवडत नाही.

तारजोड

तो वजन मोजत नाही हो, त्याला वजन कळतच नाही. तो जमिनीलगतचा भाग सोडून देतो किंवा छोट्या उष्ण ठिपक्याला कमी महत्त्व देतो, एवढंच. कुत्रा जमिनीवर राहतो म्हणून चालून जातं. मांजर कपाटावर, सोफ्याच्या पाठीवर, खिडकीच्या कट्ट्यावर चढते, म्हणजे सेन्सरच्या जवळ आणि बरोबर माणसाच्या छातीच्या उंचीच्या पट्ट्यात. सेन्सरसमोर दीड-दोन मीटरमध्ये चढता येईल असं फर्निचर नको, आणि सेन्सर खाली झुकवून बसवलेला असेल तर सरळ करा, पेट इम्यून सेन्सर झुकवला की त्याचं सगळं गणितच बिघडतं. खालच्या बाजूला जिना असेल तर तो सेन्सर तिथे लावूच नका, जिन्यावरची मांजर त्याच्यासाठी हवेत चालणारी असते. तरीही वाजला तर त्या खोलीत मोशन सेन्सर ठेवू नका, दारं-खिडक्यांना मॅग्नेट आणि काच फुटल्याचा आवाज ओळखणारा सेन्सर लावा. कोणालाही कोंडायची गरज नाही.

पानगळ

दोन टेक्नॉलॉजीवाले, पीआयआर आणि मायक्रोवेव्ह एकत्र, ते कसे? मला कोणीतरी तेच सुचवलं होतं.

तारजोड

चांगले असतात, दोन्हींनी होकार दिला तरच वाजतो, एसीचा झोत किंवा ऊन मायक्रोवेव्हला दिसत नाही म्हणून तो अलार्म अडतो. पण मायक्रोवेव्हची रेंज खोलीपुरतीच ठेवा. तो पातळ भिंतीतून आणि काचेतून आरपार जातो, बाहेर रस्त्यावरून जाणारा माणूस त्याला सतत दिसत राहिला तर त्याचा होकार कायमच असतो आणि मग एकट्या पीआयआरवरच सगळं येतं. भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या पाइपमधलं वाहतं पाणीसुद्धा त्याला हालचाल वाटू शकतं.

जागरण_रोजचं

पाच आठवडे झाले म्हणून कळवायला आले, मधे मुद्दाम काही लिहिलं नाही, खात्री झाल्याशिवाय नको म्हटलं.

बॅटरी त्याच संध्याकाळी बदलली. जुनी बाहेर काढली तर एका बाजूने फुगलेली होती. त्यानंतर तीनदा रात्री लाईट गेली, एकदा तर दीड तास, सिस्टिम व्यवस्थित चालू राहिली, लॉगमध्ये फक्त ‘एसी फेल’ आणि ‘एसी रिस्टोर’, मधे काहीच नाही. पिवळा दिवा गेला. सेन्सिटिव्हिटी परत आणली, आता गोडाऊनमध्ये दुसऱ्याच पावलाला लाल दिवा लागतो. वरून टांगलेल्या ओढण्या पण काउंटरच्या सेन्सरसमोरून काढून भिंतीला लावल्या, त्यांनी काही केलं नव्हतं तरी.

शटरचा सेन्सर साधा दाराचाच निघाला. आत स्क्रूही एकच शिल्लक होता. जाड सेन्सर बसवलाय, डाव्या बाजूचा बोल्ट अर्धाच बसत होता तो बदलला. मागच्या आठवड्यात परत तसाच वारा सुटला होता, मी रात्री दोन वाजता जागी होऊन नुसतं ऐकत पडले होते. शटर खडखडत होतं. वाजला नाही.

सासऱ्यांना रिमोट दिलाय आणि मागच्या दाराजवळ कीपॅड लावलाय. सगळ्यांना एकत्र बसवून शिकवलं, दुकानातल्या दोन्ही मुलींना पण, प्रत्येकीला वेगळा कोड. सासऱ्यांनी सगळ्यांच्या आधी पाठ केला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वॉक टेस्ट आणि बॅटरीची टेस्ट, हे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलंय, वहीत तारीख घालून लिहितात.

काल सायरनची टेस्ट करायची होती. आधी शेजारी जाऊन बाळ जागं आहे ना ते विचारलं, मग समोरच्या काकांना जाऊन सगळं सांगितलं, काय बिघडलं होतं, काय दुरुस्त केलं, आणि इतक्या रात्री त्रास झाला त्याची माफी मागितली. संध्याकाळी पाच वाजता वाजवणार म्हटलं. ते म्हणाले वाजव, मी ऐकतो. पाचला वाजवला तेव्हा ते खिडकीत उभे होते. बंद केल्यावर त्यांनी वरून विचारलं, आता वाजला तर खरा समजायचा ना? मी हो म्हटलं.